अक्षय ठेवा

पंजाबातील झेलम नदीच्या वाळवंटात, कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत, एक तरुण आणि त्याची धाकटी बहीण वाळू उकरीत होती. अंगावर पुरेसे वस्त्र नव्हते, पायांत जोडा नव्हता, रात्रीपुरता आडोसाही कोणी दिलेला नव्हता. माणूस मावेल एवढे दोन खड्डे त्यांनी खणले, त्यांत ती आडवी झाली आणि कोरडी वाळू मानेपर्यंत अंगावर ओढून घेऊन, डोके तेवढे उघडे ठेवून, त्यांनी ती रात्र काढली. त्या काळात पाण्यात भिजवून मीठ लावलेले मूठभर धान्य हेच त्यांचे अन्न असे, आणि तेही रोज मिळेलच असा भरवसा नसे. एखाद्याला पुरताना जसा खड्डा खणावा तसा खड्डा स्वतःच्या हाताने खणून त्यात झोपलेली ती मुलगी पुढे पंडिता रमाबाई ह्या नावाने सर्व जगास ठाऊक झाली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. तुंगा आणि भद्रा ह्या नद्या जेथे उगम पावतात तेच हे घनदाट अरण्य. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे जुन्या वळणाचे, शास्त्रनिष्ठ ब्राह्मण. पण एका बाबतीत त्यांचे मत त्या काळच्या लोकांहून अगदी निराळे होते. पुण्यास अध्ययन करीत असता त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून ह्या तरुण विद्यार्थ्याने तेव्हाच मनाशी ठरविले की, आपणही आपल्या पत्नीला ही विद्या द्यावयाची. पुढे लक्ष्मीबाईंशी विवाह झाल्यावर त्यांनी तो निश्चय पार पाडला. लोक खवळले, उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे अनंतशास्त्र्यांना आपली बाजू मांडावी लागली. त्यांनी शास्त्राधारांनी सभेचे समाधान केले खरे, परंतु निवांतपणे राहता यावे म्हणून ते त्या अरण्यात आश्रम बांधून राहू लागले.

आलेल्या-गेलेल्यांच्या आतिथ्यात आश्रमाचा पैसा संपला, आणि रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच सारे कुटुंब तीर्थयात्रेस बाहेर पडले. वेताच्या टोपलीत घातलेले ते तान्हे मूल एका हमालाच्या डोक्यावरून डोंगर उतरले. तेव्हापासून पुढील वीस-बावीस वर्षे रमाबाईंना घर म्हणून ठाऊक नव्हते. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून अनंतशास्त्री पुराण सांगत. श्रोते जे धान्य, जी दक्षिणा समोर ठेवतील तिच्यावर निर्वाह चाले. पहाटे, इतर कामे सुरू होण्यापूर्वी, लक्ष्मीबाई लेकीला मांडीवर घेऊन जागे करीत आणि संस्कृत पाठ देत. श्रीमद्भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले ते असे चालता चालता. शाळेची पायरी न चढता एवढी विद्या संपादन करणारी मुलगी त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच असेल.

मग मद्रास इलाख्यातील दुष्काळ आला. गावोगावी लोकांनाच खावयास मिळेना, तेथे पुराणिकाच्या पुढ्यात धान्य कोण ठेवणार? कष्टाचे काम करण्याची ह्या कुटुंबाला सवय नव्हती आणि भिक्षा मागण्याची लाज वाटे. होते नव्हते ते दागिने, भांडीकुंडी, चांगली वस्त्रे विकली गेली. त्या पैशांतूनही दानधर्म, अनुष्ठाने, उपवास, मूर्तींची पूजा चालूच होती. कारण इतके केल्यावर देव प्रसन्न होईल आणि संकट टळेल अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. शेवटी काहीच उरले नाही तेव्हा अरण्यात जाऊन देह ठेवावा असे ठरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री ती पाचही माणसे पाणी, झाडाचा पाला आणि रानातली थोडी फळे ह्यांवर राहिली. वृद्ध अनंतशास्त्र्यांनी पवित्र जलाशयात जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला. वडिलांनी कमीपणाचे मानलेले मजुरीचे कामही आपण करू, पण आईवडिलांना असे मरू देणार नाही, असे त्याने सांगितले. वडिलांनी तो बेत सोडला. मात्र फार उशीर झाला होता. त्यांचे शरीर पुरते खचले होते. निरोप घेताना त्यांनी रमाबाईंना जवळ घेतले, तिला ईश्वराच्या हाती सोपविल्याचे सांगितले आणि आयुष्यभर त्याचीच सेवा करण्याचा उपदेश केला. थोड्याच दिवसांत ते गेले.

त्यांच्या मागोमाग लक्ष्मीबाई अंथरुणास खिळल्या. आईला भाकरीचा तुकडा मिळावा म्हणून रमाबाई एका घरी मागावयास गेल्या. पण दारात उभ्या राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांतून नुसते पाणी वाहू लागले. घरातल्या बाईंनी ते पाहून भाकरी दिली. ती घेऊन त्या परतल्या, पण आईला घास गिळण्याचीही शक्ती उरली नव्हती. आईच्या निधनानंतर तिरडीला खांदा देण्यास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले. उरलेल्या दोन बाजूंना मुलगा आणि मुलगी. रमाबाई उंचीने ठेंगण्या. खांदे जुळेनात म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा दांडा डोक्यावर घेतला आणि सुमारे तीन मैल ते ओझे वाहिले. काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली. उरली ती दोन भावंडे. आणि ह्या दोघांनी पुढे हिंदुस्थानच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जो प्रवास केला तो चार हजार मैलांहून अधिक, म्हणजे सहा हजार किलोमीटरांच्या वर भरेल. झेलमच्या वाळूतील ती रात्र ह्याच प्रवासातली.

ह्या वर्षांविषयी रमाबाईंनी पुढे जे लिहिले, त्यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भुकेपेक्षा आणि थंडीपेक्षाही त्यांना थकविले ते एका शंकेने. एवढी तीर्थे केली, एवढे उपास केले, एवढे दान दिले. आता आणखी किती केले म्हणजे देवाच्या दयेस आपण पात्र होऊ? हिशेब कधी पुरा होतच नव्हता. पंढरीच्या वाटेवर विठ्ठलनामाने सारा शीण हरतो, हा अनुभवही ह्याच महाराष्ट्रातला आहे, आणि कोणाला बळ कोठून मिळावे ह्याचा निवाडा दुसऱ्याने करू नये. परंतु रमाबाईंच्या वाट्यास त्या दिवसांत असा विसावा आला नाही, एवढे खरे.

१८७८ मध्ये ती भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या ह्या मुलीची परीक्षा घेतली, तिची विद्वत्ता पाहून ते थक्क झाले आणि तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या त्यांनी अर्पण केल्या. दोन वर्षांनी ढाक्यास श्रीनिवासाचा अंत झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला; १८८१ मध्ये कन्या मनोरमा झाली. पतीच्या ग्रंथसंग्रहात बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची एक लहान प्रत रमाबाईंच्या हाती पडली आणि त्यांनी ती कुतूहलाने वाचली. पण संसाराला दोन वर्षेही झाली नाहीत तोच १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी, दहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन, रमाबाई एकट्या पडल्या.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची गरज प्रतिपादिली. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे एक नवेच विघ्न उभे राहिले. त्यांच्या कानांची शक्ती कमी होत चालली होती. रोग्याच्या छातीचा ठोका ज्याला नीट ऐकू येत नाही त्याने डॉक्टर कसे व्हावे? ज्या हेतूने समुद्र ओलांडला तो हेतूच सोडून द्यावा लागला. ही बधिरता पुढे वाढतच गेली आणि जन्मभर त्यांच्या सोबतीस राहिली.

इंग्लंडात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहत. त्या भगिनींनी एकदा रमाबाईंना लंडनमधील आपल्या एका आश्रमात नेले. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे सेवा होत असे. ह्या स्त्रियांना कोणी हिणवीत नव्हते. कोणी त्यांच्याकडून प्रायश्चित्ताची किंमतही मागत नव्हते. त्या भगिनी एवढ्या मायेने का वागतात, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी बाईची कथा योहानाच्या शुभवर्तमानातून वाचून दाखविली. येशू वाट चालून थकला होता, भर दुपारी विहिरीपाशी बसला होता, आणि ज्या बाईशी बोलणेही लोक कमीपणाचे समजत तिच्याजवळच त्याने पाणी मागितले, अशी ती कथा आहे. जिने अर्धा हिंदुस्थान पायाखाली घातला होता तिला थकलेल्या वाटसरूची ही गोष्ट कशी लागली असेल, हे समजण्यास फार कल्पना लढवावी लागत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

तथापि त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, त्यांना खरा विसावा लाभला तो त्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण ख्रिस्ती धर्म घेतला होता, प्रत्यक्ष ख्रिस्ताला मात्र ओळखले नव्हते, असे त्या म्हणत. धर्म बुद्धीला पटला होता. पण देवाला प्रसन्न करण्यासाठी आपण काही तरी केलेच पाहिजे, ही लहानपणापासूनची धडपड मनाच्या तळाशी तशीच होती. देवाची दया मिळवावी लागत नाही, ती दिलेलीच आहे. आपण केवळ हात पुढे करावयाचा, असे त्यांना त्या वर्षी उमगले. ह्याच्या आधी त्यांचे श्रम देवाचे देणे फेडण्यासाठी होते. ह्यानंतरचे श्रम फेडीच्या काळजीतून सुटलेल्या माणसाचे होते. श्रम कमी झाले नाहीत; उलट अनेक पटींनी वाढले. पुढची हकीकत वाचताना हा फरक लक्षात ठेवावा.

मधल्या काळात त्या अमेरिकेस जाऊन आल्या होत्या. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, त्या समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. तेथे व्याख्याने देऊन, पुस्तक लिहून त्यांनी हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. हीच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांची पत्नी आनंदीबाई. पुढच्या वर्षी सदन पुण्यास गेले. तेथे १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. सदनात धर्माची सक्ती करावयाची नाही असे ठरले असता हे योग्य नाही, असा आक्षेप वर्तमानपत्रांनी घेतला. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारखे थोर साहाय्यकर्तेही दूर झाले, आणि पंचवीसच्या आसपास मुलींना पालकांनी काढून नेले. मुलींच्या पालकांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. आणि आईजवळ मुले येऊन बसावीत तशा आलेल्या मुलींना रमाबाईंनी बाहेर घालवावे, ही अपेक्षाही अवघडच होती. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक असली तरी भांडण टळतेच असे नाही, ह्याचे हे एक दुःखद उदाहरण आहे.

लोकांचा आधार असा तुटला असतानाच सर्वांत मोठी कसोटी आली. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. दुष्काळाची वार्ता वाचून रमाबाईंच्या डोळ्यांपुढे पाल्यावर काढलेले ते अकरा दिवस उभे राहिले. त्यांच्यापाशी मोठा पैसा नव्हता. सदनाला अमेरिकेतून येणारी मदत ठरावीक कामासाठी आणि ठरावीक मुदतीची होती. वय अडतीस वर्षांचे, कान जवळजवळ गेलेले. तरीही त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी दुष्काळी छावण्या आणि अनाथगृहे त्यांनी पाहिली. हाडांचे सापळे झालेली मुले, चिंध्या पांघरलेल्या विधवा, आणि त्या असहाय मुलींना फूस लावून नेण्यास टपलेली दुष्ट माणसे, हे सर्व त्यांनी पाहिले. तेथून त्यांनी मुलींना आणण्यास सुरुवात केली. एका तुकडीला पुण्यास पोहोचवावे आणि पुन्हा दुसरीसाठी माणसे रवाना करावीत, असे काही महिने चालले. सुमारे तीनशे मुली त्यांनी अशा वाचविल्या.

ह्याआधी घडलेली एक लहानशी गोष्ट येथे सांगितली पाहिजे. दुष्काळापूर्वी लोणावळ्यास भरलेल्या ख्रिस्ती मेळाव्याला रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. तेथे त्यांनी प्रार्थना केली की, ह्या पंधराचा वर्ग व्हावा. म्हणजे पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. मागणी केली खरी. पण एवढ्या मुली येणार कोठून आणि त्यांना जेवू घालणार कोण, असा संशय त्यांच्या स्वतःच्याच मनात आला, हेही त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. श्रद्धावान माणसास संशय शिवतच नाही, अशी आपली समजूत असते. रमाबाईंना तो शिवला. फरक एवढाच की, संशय असतानाही त्या थांबल्या नाहीत.

मुली आल्या, पण त्यांना सांभाळणे हे आणण्याहून कठीण होते. दीर्घ उपासमारीने त्यांची मने करपून गेली होती. पुढ्यात अन्न आले की त्या ते लपवून ठेवीत, एकमेकींच्या हातचे हिसकावीत. कित्येकींच्या अंगावर फोड, डोक्यात उवा, डोळे आलेले. शारदा सदनातील जुन्या मुलींनी ह्या नव्या मुली आपसात वाटून घेतल्या आणि एकेकीने अनेकींची आई व्हावे तसे त्यांना न्हाऊमाखू घातले. इतक्यात पुण्यास प्लेगाची साथ आली, आणि एवढ्या मुली शहरात ठेवता येणार नाहीत, असा हुकूम निघाला. सुदैवाने पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी पूर्वीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. फळझाडे लावून सदनाला काही उत्पन्न व्हावे, एवढाच तेव्हाचा हेतू. त्या माळावर घर असे नव्हते. गवती झोपड्या उभारून, उन्हातान्हात मुलींना तेथे नेण्यात आले. मुक्तिसदनाचा जन्म झाला तो असा, घाईगर्दीत. त्याच्या पक्क्या इमारतींचे काम १८९८ पासून सुरू झाले.

श्वास घ्यावयास दोन वर्षेही मिळाली नाहीत. १८९९-१९०० मध्ये गुजरात व राजपुतान्यात दुष्काळ पडला आणि मुक्तीतील माणसांची संख्या एकोणीसशेच्या घरात गेली. एकोणीसशे माणसांचे रोजचे दोन वेळचे जेवण डोळ्यांपुढे आणून पाहा. धान्य दळावयाचे, विहिरी खणावयाच्या, विटा रचावयाच्या, आजाऱ्यांची शुश्रूषा करावयाची. आणि एवढ्यांना नुसते पोसून भागणार नव्हते, त्यांना आपल्या पायांवर उभे करावयाचे होते. म्हणून तेथे हातमाग आले, तेलघाणा आला, शेती, गोठा, शिवणकाम आणि छापखाना आला. आंधळ्या मुलींसाठी वेगळी शाळा निघाली. ठिपक्यांची लिपी अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमाबाई तेथे शिकवू लागल्या. फसलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उघडले; लंडनच्या त्या आश्रमाची आठवण रमाबाई विसरल्या नव्हत्या.

हे सर्व ज्या बाईच्या डोक्यावर होते ती दिसावयास ठेंगणी, साधे पांढरे सुती लुगडे नेसणारी, आजन्म शाकाहारी राहिलेली बाई होती. त्यांचा दिवस सूर्योदयाच्या कितीतरी आधी प्रार्थनेने सुरू होई. लहानपणी आईने पहाटे उठविण्याची लावलेली सवय अशी उपयोगी पडली. त्या वेळेला कोणी आत जात नसे. सबंध दिवसाची काळजी, आजारी मुलींची नावे, कोठारात उरलेले धान्य आणि न आलेले पैसे, हे सारे त्या देवापुढे मांडीत आणि मग जणू भार दुसऱ्याच्या हाती देऊन आल्याप्रमाणे कामाला लागत. ठरलेले वेतन किंवा हमखास देणगी ह्यांवर मुक्तीचा संसार चालत नव्हता. अमुक दिवशी पैसे आलेच नाहीत, असे अनेक वेळा झाले. अशा वेळी त्या धनिकांच्या दारी जाण्याऐवजी मुलींना घेऊन गुडघे टेकीत. अंग थकत नसे असे नाही. थकलेले अंग घेऊनच त्या उठत. १९०७ मध्ये त्यांनी आपली आत्मकथा इंग्रजीत लिहिली, तिला त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ होतो, आमच्या अक्षय ठेव्याविषयीची साक्ष. चार हजार मैल चालून ज्या बाईचे सर्व काही संपले होते, तिने कधीही न संपणारे असे ज्याला म्हटले, ते काय असावे ह्याची थोडीशी कल्पना ह्या दिनक्रमावरून येते.

पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी एक असे काम हाती घेतले की, तरुण विद्वानांच्या मंडळानेही ते विचार करूनच स्वीकारावे. समग्र बायबलाचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठी भाषांतर त्या एकट्या करू लागल्या. मराठीत बायबल पूर्वीपासून होते. परंतु त्याची भाषा संस्कृतप्रचुर आहे, केडगावच्या शेतात खुरपणाऱ्या बाईला ती उमगत नाही, अशी त्यांची तक्रार होती. वास्तविक संस्कृत शब्द ज्यांच्या जिभेवर खेळत, त्या बाईंनीच ते बाजूला सारून साधे शब्द शोधीत बसावे, ही केवढी गोष्ट! मराठीच्या अभ्यासकाने निःपक्षपातीपणे सांगावयाचे तर, मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या आग्रहाने त्यांची वाक्ये काही ठिकाणी अवघडल्यासारखी झाली आहेत. पण त्यांनी ती पंडितांसाठी लिहिलीच नव्हती. हिब्रूचे व्याकरणही त्यांनी मराठीत तयार केले. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या आणि पुस्तके बांधणाऱ्या त्यांच्या मुलीच होत्या; त्यांतील कितीएक दुष्काळाच्या छावणीतून आलेल्या. सुमारे दीड तप हे काम चालले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्याने कामात काही अडथळा आला नाही, एवढेच त्याविषयी सांगता येईल.

मनोरमाबाई आईच्या उजव्या हाताप्रमाणे होत्या. मुक्तीचा भार पुढे त्यांनीच वाहावा, असे सर्वांनी गृहीत धरले होते. पण अतिश्रमांनी त्यांची प्रकृती ढासळली, आणि २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या इस्पितळात वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आईवडील, बहीण, भाऊ आणि पती ह्यांना पोहोचविणाऱ्या रमाबाईंनी आता एकुलत्या एका लेकीलाही निरोप दिला. त्यांचे वय त्रेसष्ट. ऐकू जवळजवळ येत नव्हते. देह दुखण्याने पोखरलेला. भाषांतराची मुद्रिते तपासावयाची राहिली होती. आता हे काम टाकून त्या स्वस्थ बसल्या असत्या तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. काही दिवसांनी त्या पुन्हा मेजाशी बसल्या.

१९२२ च्या आरंभी श्वासनलिकांच्या विकाराने त्यांना घेरले. मुद्रिते अजून संपली नव्हती. मुक्तीतील माणसे सांगत आली आहेत की, उरलेल्या पानांना दहा दिवस लागतील असा हिशेब करून रमाबाईंनी देवाजवळ तेवढेच दहा दिवस मागून घेतले. त्यांच्या मुलींना ह्यात नवल वाटले नाही. पंधराचे दोनशे पंचवीस मागणारी बाई त्यांना ठाऊक होती. शेवटचे पान तपासून झाले. त्यानंतर, ५ एप्रिल १९२२ रोजी, पहाटेची प्रार्थनेची वेळ होण्यापूर्वीच, झोपेतच त्यांनी देह ठेवला. केडगावच्या त्याच माळावर, मुक्तीच्या मुलींनी त्यांना माती दिली.

छापखान्यातले काम थांबले नाही. रमाबाईंनी तपासून ठेवलेल्या पानांवरून मुली खिळे जुळवीत राहिल्या, आणि १९२४ मध्ये समग्र मराठी बायबल बांधून तयार झाले.